ओलेरावांची अंतःप्रेरणा आणि वॉशिंग मशीन

बायकोला "माग काय हवं ते" असं म्हणू नये. जुन्या गोष्टींतले राजे असं म्हणत आणि पुढची पन्नास पानं निस्तरत बसत. ओलेरावांनी त्या गोष्टी लहानपणी वाचल्या होत्या, तरीही एका संध्याकाळी आनंदाच्या भरात ते बायकोला तसं म्हणून बसले. मोजणीच्या कचेरीत एकतीस वर्षं नकाशे काढणाऱ्या माणसानं निदान किती दूरपर्यंत मागायचं याची हद्द आखून द्यायला हवी होती. पण त्या दिवशी ते नकाशे काढणारे नव्हतेच. त्या दिवशी ते चित्रकार होते.

ओलेराव हे त्यांचं खरं नाव नव्हे, हे सांगायला नको. ते मेहुण्यानं ठेवलेलं. शर्टाच्या बाह्या कायम ओल्या, टेबल ओलं, हातातला कागद ओला, आणि भेटायला येणाऱ्याची खुर्चीसुद्धा ओली (ती कशी, हे कधी कळलं नाही). मेहुण्याचं विजेच्या उपकरणांचं दुकान होतं आणि ओलाव्याशी त्याचं धंद्यामुळेच वैर होतं. त्यानं थट्टेत नाव ठेवलं आणि ते चिकटलं. इतकं की कचेरीत साहेबसुद्धा एकदा "अहो ओले—" असं म्हणून थांबले होते.

चित्रकला ओलेरावांना कुणी शिकवली नव्हती. ती त्यांच्या अंगावर सांडली होती. चार वर्षांपूर्वी कचेरीत एका मोठ्या नकाशावर त्यांच्या हातून पाण्याचा पेला कलंडला आणि सरळ आखलेली निळी नदी काठ सोडून पसरायला लागली. दोन गावं, एक रस्ता आणि साहेबांची सही तिनं पोटात घेतली. सगळी कचेरी टिपकागद आणायला धावली. ओलेराव मात्र जागचे हलले नाहीत. "थांबा, थांबा, ती कुठे जातेय बघू द्या," असं ते म्हणाले. त्याबद्दल त्यांना लेखी समज मिळाली. ती समज खिशात घालून ते घरी येताना दुकानात गेले आणि शाळकरी मुलांची रंगपेटी घेऊन आले.

तेव्हापासून ते अमूर्त जलरंग काढू लागले. म्हणजे काय, असं कुणी विचारलं की ते खूश होत. "एकतीस वर्षं जिथे जे आहे तिथे ते काढलं. आता जे कुठेच नाही ते काढतो." त्यांची पद्धतही ठरलेली होती. पहाटे उठायचं, जाड कागद पाटाला चिकटवून चिंब करायचा, डोळे अर्धे मिटायचे आणि हात म्हणेल तिथे रंग सोडायचा. विचार करायचा नाही. विचार आला तर त्याला बाहेर बसवायचं. मग सात वाजता चित्र ओलंच टेबलावर ठेवायचं, गॅलरीचं दार ओढून घ्यायचं, आंघोळ करून कचेरीत जायचं. संध्याकाळपर्यंत त्याच्याकडे बघायचं नाही. कुणीच टेबलाला हात लावायचा नाही, हा घरातला पहिला कायदा होता.

"अर्धं चित्र माझं असतं आणि अर्धं त्याचं स्वतःचं. मी गेलो की ते मोकळं होतं," असं ते सांगत.

"सगळ्याच घराचं तसं होतं," असं त्यांची लेक म्हणे. कॉलेजचं शेवटचं वर्ष होतं आणि जीभ परीक्षेच्या तयारीत होती.

पहिली दोन वर्षं ते जेवणाच्या टेबलावर चित्रं काढत. ती चित्रं कशी होती, हे आपण सोडून देऊ. मग एकदा टेबलक्लॉथसुद्धा अमूर्त झाला आणि बायकोनं त्यांचं सगळं बिऱ्हाड मागच्या गॅलरीत हलवलं. आणि काय आश्चर्य! तिथे गेल्यापासून त्यांच्या चित्रांत जीवच आला. संध्याकाळी येऊन बघावं तर सकाळच्या सपाट निळ्यात कुठे पांढरट फूल उमललेलं, कुठे रंग मागे सरून त्याची झालर झालेली, कुठे एक फिकट वाट अशी काही हळूच वाकून गेलेली, की आपल्या हातून हे झालं यावर त्यांचा स्वतःचाच विश्वास बसेना. (तो बसायला नकोच होता, पण ते पुढे येईल.) चित्राला एक मंद सुवाससुद्धा येई. प्रतिभेला वास असतो, हे ओलेरावांना वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी कळलं.

एकच गोष्ट त्यांना सलत होती. बायकोनं कधी एका चित्राला "छान" म्हटलं नव्हतं. संध्याकाळी ते पाट उचलून स्वयंपाकघरात नेत. ती ओट्याशी पाठमोरी उभी असे. मान वळवून बघे, आणि तिचा चेहरा काहीतरी सांडल्यासारखा होई.

"कसं आहे?"

"आहे."

"आहे म्हणजे?"

"म्हणजे... तुम्हाला बरं वाटतंय ना? मग झालं."

सबंध जगानं वाहवा केली असती आणि ती "आहे" म्हणाली असती, तर ओलेरावांना त्या रात्री झोप लागली नसती. जगानं वाहवा केली नव्हती, त्यामुळे हा प्रश्न आजवर आला नव्हता. तो आला एका पुस्तकाच्या कव्हरामुळे. एक फसलेलं चित्र त्यांनी वाचनालयाच्या पुस्तकाला कव्हर म्हणून घातलं होतं, आणि ते पुस्तक परत करताना चित्रकलेच्या मास्तरांनी पाहिलं.

हे मास्तर निवृत्त होते आणि वाचनालयाच्या हॉलमध्ये वर्षातून दोन प्रदर्शनं भरवत. त्यांच्याबद्दल गावभर एक गोष्ट प्रसिद्ध होती. नोकरीच्या सगळ्या वर्षांत त्यांनी एकाच विद्यार्थ्याला "बरं आहे" म्हटलं होतं, आणि त्या विद्यार्थ्यानं नुसतं नाव-गाव लिहून कागद कोरा दिला होता. असे मास्तर पुस्तकाचं कव्हर हातात घेऊन पाच मिनिटं उभे राहिले, पुस्तक काउंटरवर टाकलं, आणि कव्हर घेऊन ओलेरावांच्या घरी आले. सगळी चित्रं जमिनीवर मांडायला लावली. काठीच्या टोकानं सात बाजूला सारली.

"ही सात. अजून पाच हवीत. पाच आठवड्यांनी हॉल तुमचा."

ओलेरावांनी दाराच्या चौकटीला धरलं. मास्तर गेल्यावर ते स्वयंपाकघरात गेले आणि तिथे ते वाक्य त्यांच्या तोंडून गेलं.

"माग काय हवं ते!"

बायकोनं सव्वीस वर्षांत काही मागितलं नव्हतं. ओलेरावांना वाटलं, ती "काही नको" म्हणेल. तिनं हातातलं पातेलं खाली ठेवलं आणि लगेच, जणू दोन वर्षं घोकून ठेवल्यासारखं सांगितलं,

"कपडे धुवायचं मशीन. पिळून, वाळवून देणारं."

ओलेराव चपापले. कपडे धुवावे लागतात, हे त्यांना ऐकून माहीत होतं. पण कोण धुतं, कधी धुतं, कुठे वाळतात, याचा तपास त्यांनी कधी केला नव्हता. कपाट उघडलं की शर्ट असायचा. इतरांच्या जमिनीचा इंच न् इंच मोजलेल्या माणसाला आपल्या घरातला हा भाग पूर्णपणे अज्ञात होता. गॅलरीत आपल्या डोक्यावर चार लांब दांड्या आहेत हे त्यांनी पाहिलं होतं. त्या पडद्यांसाठी असाव्यात, असा त्यांचा समज होता.

"पाठ दुखते का तुझी?" त्यांनी हळवं होऊन विचारलं.

"पाठीचं नाही," ती म्हणाली, आणि पुन्हा पातेल्याकडे वळली.

मशीन मेहुण्याच्या दुकानातून आलं. मेहुण्यानं ते स्वतः बसवलं, गॅलरीशेजारच्या मोरीत. नळी जोडताना एक कारंजं उडालं आणि मागची भिंत हातभर भिजली. "दोन दिवसांत वाळेल," असं तो म्हणाला. (विजेच्या माणसाचा पाण्यावर काय अधिकार असणार?) मशीन सुरू झालं. शेवटी ते असं काही गरगरलं की शेजारच्यांनी दार वाजवलं. पण कपडे बाहेर आले ते जवळजवळ वाळलेलेच. बायकोनं एक शर्ट हातात घेऊन मुठीत दाबला. थेंबसुद्धा आला नाही. तिच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरलेलं ओलेरावांनी पाहिलं, आणि आपण किती चांगले नवरे आहोत या विचारात ते दुसऱ्या दिवशी पहाटे चित्राला बसले.

संध्याकाळी त्यांनी दार उघडलं आणि ते उभेच राहिले. चित्र सकाळी ठेवलं होतं तस्सं होतं. निळ्याच्या जागी निळं, पिवळ्याच्या जागी पिवळं. ना फूल, ना झालर, ना वाट. दिवसभर चित्रानं काडीचं काम केलं नव्हतं. त्यांनी नाक जवळ नेलं. वाससुद्धा नव्हता.

"एखादा दिवस असतो असा," ते स्वतःला म्हणाले.

तसे सहा दिवस गेले. कागद वाळत होते, आणि बस्स, वाळतच होते. प्रदर्शनाला जेमतेम महिना उरला आणि ओलेरावांच्या तोंडचं पाणी पळालं. (त्या घरातली तेवढीच ओल शिल्लक होती.)

"बाबा, याला ब्लॉक म्हणतात," लेक म्हणाली. "मोठमोठ्या कलावंतांना येतो."

"मोठमोठ्या?" ओलेरावांना क्षणभर बरं वाटलं.

"लहानांनाही येत असेल. पण त्यांचा कुणाला कळत नाही."

मग उपाय सुरू झाले. त्यांनी कागद बदलला. पाणी बदललं, मेहुण्याच्या इमारतीतून बादलीभर आणलं. अनवाणी उभं राहून काढलं. डाव्या हातानं काढलं. डोळे पूर्ण मिटून काढलं, आणि त्या दिवशी ब्रश चहात आणि चहा पोटात गेला, तोही रंगासकट. दाढी करणं सोडलं, तेव्हा साहेबांनी हळूच विचारलं, "घरी सगळे बरे आहेत ना?" शेवटी त्यांनी चार दिवस मौन धरलं. त्या उपायाचा चित्रांवर परिणाम झाला नाही, पण घरातलं वातावरण फार सुधारलं.

पाचव्या दिवशी ते मोरीपाशी उभे होते. मशीन गरगरत होतं. त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला.

"हे!" ते ओरडले. "हे आल्यापासून!"

बायको दचकली. "काय हे?"

"हे थरथरतं. जमीन थरथरते, टेबल थरथरतं, आणि माझी अंतःप्रेरणा बिथरते!"

"अहो, तुम्ही कचेरीत असता तेव्हा लावते मी ते. आज सुट्टी म्हणून दिसलं तुम्हाला."

"मी कचेरीत असतो. चित्र तर घरी असतं ना!"

 (ओलेरावांच्या बोलण्याला बऱ्याचदा उत्तर नसे, आणि त्यांना तो स्वतःचा विजय वाटे.) पण या वेळी बायकोनं ते नुसतं ऐकून घेतलं नाही. तिचे डोळे भरून आले.

"बंद करायचं का? पुन्हा हातानं धुवायचे?"

"प्रदर्शनापुरतं. मग खुशाल लाव."

"बघा हं. मागाहून मला काही बोलायचं नाही," ती म्हणाली, आणि तिनं मशीनवर जुनी चादर घातली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ओलेरावांनी गॅलरीचं दार उघडलं आणि आनंदानं त्यांच्या घशातून असा आवाज निघाला की लेक पुस्तक टाकून धावत आली. फूल होतं! एक नव्हे, तीन! झालर होती, वाकलेली वाट होती, वाससुद्धा होता. ओलेराव पाट घेऊन घरभर नाचले. मेहुण्याला फोन करून त्यांनी सांगितलं की तुझ्या कंपनीला कळव, तुमचं यंत्र कलेला घातक आहे. मेहुण्यानं विचारलं, हे गॅरंटी कार्डात कुठे लिहायचं?

बायको एका कोपऱ्यात उभी राहून चित्राकडे बघत होती. चोराच्या मनात चांदणं असावं तशी.

"कसं आहे?"

"आहे," ती म्हणाली आणि आत गेली.

आठ दिवसांत तीन चित्रं झाली. दोन राहिली. आणि मास्तरांचा निरोप आला. प्रदर्शनाच्या पत्रकात ते चार ओळी लिहिणार होते, त्यासाठी चित्र होताना त्यांना बघायचं होतं. सुट्टीच्या दिवशी पहाटे ते हजर झाले. ओलेरावांनी कागद भिजवला, डोळे अर्धे मिटले, रंग सोडले. मास्तर काठीवर हनुवटी टेकून बघत होते. सात वाजले.

"चला," ओलेराव हात पुसत म्हणाले. "आता आपण फिरायला जायचं. त्याला एकटं सोडायचं."

"कशाला?"

"ते आपलं आपलं पूर्ण होतं."

"मी मुलांना आयुष्यभर सांगितलं, ओलं चित्र सोडून उठायचं नाही," मास्तर म्हणाले. "मी इथेच बसतो. पूर्ण होताना बघतो."

"पण ते लाजेल!"

"मग आपण त्याला दिसणार नाही असे बसू."

गॅलरीच्या टोकाला जुनं कपाट होतं. त्याच्या मागे दोन स्टुलांवर दोन प्रौढ माणसं गुडघ्याला गुडघा लावून बसली. तेवढ्यात लेक दूध आणायला बाहेर पडली आणि पुढचं दार धाडकन लागलं. बायकोला वाटलं, गेले दोघं फिरायला.

गॅलरीचं दार उघडलं. ती आत आली. एका हातात पाण्यानं निथळणाऱ्या कपड्यांची बादली, खांद्यावर चिमट्यांची पिशवी. ओलेराव तोंड उघडणार होते, तोच मास्तरांची काठी त्यांच्या पायावर पडली.

"आज नाही हं पडू देणार तुझ्या अंगावर काही," ती म्हणाली. ती चित्राशी बोलत होती! ओलेरावांशी ती इतक्या प्रेमानं शेवटचं कधी बोलली होती, ते त्यांना आठवेना.

तिनं टॉवेल भिंतीकडच्या दांडीवर टाकला. शर्ट मधल्या दांडीवर. मग उशीचे अभ्रे. तेवढ्यात शर्टाच्या बाहीतून एक टपोरा थेंब निघाला, थोडा थांबला, आणि टप्पकन निळ्याच्या मधोमध पडला.

"पडला मेला!"

तिनं कमरेचा रुमाल काढला, त्याचं टोक थेंबाला हलकेच लावलं. लावलं तिथे पांढरट फूल उमललं. दुसरा थेंब पडला. तिनं तोही टिपला. तिसरा मोठा होता, तो ओघळायला लागला. तिनं पाटाची एक बाजू दोन बोटांनी उचलली.

"जा बाबा, कुठे जायचंय तिकडे जा. इकडे नको, इकडे त्यांनी पिवळं घातलंय, आवडीनं घातलंय. असा वळ. हां. असा."

आणि ती फिकट वाट, जिच्याबद्दल ओलेरावांनी वहीत साडेतीन पानं लिहिली होती, ती त्यांच्या डोळ्यांदेखत वाकून गेली.

मास्तर उभे राहिले. स्टूल पडलं. बायको किंचाळली, तिच्या हातातला ओला अभ्रा सुटला आणि चित्रावर थापकन बसला.

"हात लावू नका!" मास्तर गरजले. सगळे जागच्या जागी थिजले. मास्तर पुढे आले, अभ्र्याची दोन टोकं धरली आणि हळूहळू तो उचलला. खाली सगळ्या निळ्यावर कापडाची बारीक वीण उमटली होती, आणि अभ्र्याच्या काठाची एक रेघ तिरपी गेली होती. मास्तरांनी श्वास सोडला.

"बरं आहे," ते म्हणाले. आयुष्यात दुसऱ्यांदा.

पण तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं. बायको रडवेली झाली होती.

"मी मुद्दाम नाही हो करत! दोन वर्षं झाली. दुसरीकडे वाळत घालायला जागा नाही, आणि टेबलाला हात लावायचा नाही म्हणून तुमचा कायदा. कितीही पिळलं तरी थेंब पडतातच. मी आपली टिपून घ्यायचे, पाणी उतरवायचे, जमेल तेवढं सावरायचे. आणि संध्याकाळी तुम्ही तेच बिघडलेलं घेऊन नाचत यायचात. मला काय वाटायचं माझं मला माहीत!"

ओलेराव बादली पालथी घालून तिच्यावर बसले. (तिच्यात अजून दोन शर्ट होते.) दोन वर्षांची सगळी फुलं, झालरी आणि वाटा त्यांच्या डोळ्यांपुढून गेल्या. प्रतिभेचा सुवास कुठल्या साबणाचा होता, हेही आता समोरच्या टॉवेलावरून कळत होतं.

"मास्तर," ते खोल आवाजात म्हणाले, "मग या चित्रांत माझं काय?"

मास्तरांनी विचार केला. मास्तर खोटं बोलत नसत, ही त्यांची मोठी अडचण होती.

"कागद," ते म्हणाले. मग ओलेरावांचा चेहरा बघून त्यांनाही दया आली असावी. "रंगही तुमचेच. पाण्याला जायला जागा तुम्हीच ठेवता. आणि वेळेवर निघून जाता. हे फार थोड्या चित्रकारांना जमतं."

मास्तर गेल्यावर गॅलरीत दोघंच उरली. वर शर्ट निथळत होते.

"म्हणून मशीन मागितलंस तू?"

"नाहीतर कशाला? माझे हात काय मोडले होते? तुम्हाला एवढा हॉल मिळाला, निदान उरलेली पाच तरी धड व्हावीत म्हटलं."

 सव्वीस वर्षांत तिनं पहिल्यांदा काही मागितलं, आणि तेही त्यांच्याचसाठी. आणि त्यांनी त्यावर चादर घालायला लावली होती. आपण गाढव आहोत, हे माणसाला अधूनमधून कळतं, पण इतक्या स्पष्टपणे आणि इतक्या प्रेमानं क्वचितच कळतं.

"आणि कधी छान म्हणाली नाहीस, ते?"

"मीच डाग पाडायचे आणि मीच छान म्हणायचं? लाज नको वाटायला?"

शेवटचं चित्र दोघांनी मिळून केलं. म्हणजे ओलेरावांनी रंग सोडले आणि मग हट्टानं कपडे वाळत घालायचं काम स्वतःकडे घेतलं. "नीट पिळा," असं बायको खालून स्टूल धरून सांगत होती, "तुम्ही काय नदी वाळत घालताय?"

प्रदर्शन झालं. अभ्र्याचं चित्र मधोमध लावलं होतं आणि त्याच्यापुढे गर्दी होती. पत्रकावर ओलेरावांनी भांडून दोघांची नावं घातली होती. बायकोनं त्याला एकाच अटीवर होकार दिला. बारा चित्रं हॉलवर नेताना काचा फुटू नयेत म्हणून मध्ये त्या वाईट दिवसांतला एक सपाट, मेलेला कागद घातला होता. तिनं तो बाहेर काढला, झटकला, आणि तेरावं चित्र म्हणून दाराशेजारी लावायला लावला; हीच ती अट. मास्तरांनी डोळे मिटून घेतले.

दिवसभर त्या चित्रापुढे कुणी थांबलं नाही. ती एकटी थांबली. संध्याकाळी ओलेराव तिच्या शेजारी जाऊन उभे राहिले.

"हे छान आहे," ती म्हणाली.

चार वर्षं ज्या शब्दाची वाट पाहिली, तो असा अचानक आला आणि तोसुद्धा या कागदावर. पण शब्द तोच होता. ओलेरावांचे डोळे भरून आले. (मेहुणा म्हणाला, आता इथेही ओल.)

"खरंच?"

"एक डाग नाही. सगळं तुमचं एकट्याचं. हे मी घरी लावणार."

त्या रात्री ओलेराव झोपेत हसले, असं लेक सांगते. दुसऱ्या दिवशी कचेरीतून ते जवळजवळ पळतच घरी आले. दिवाणखान्याची भिंत रिकामी होती. जेवणाच्या खोलीतही काही नव्हतं. शेवटी ते मोरीत पोचले. चित्र तिथे होतं, मशीनच्या मागच्या भिंतीवर, अगदी समपातळीत लावलेलं. मशीन मजेत गरगरत होतं.

"इथे?" त्यांनी विचारलं.

"हो ना," बायको आतून म्हणाली. "माझ्या भावानं नळी जोडताना भिंतीवर केवढा डाग पाडून ठेवलाय! जाता जात नाही. तुमच्याच कचेरीच्या टेपनं मोजून बघितलं, तर चित्र बरोबर त्याच मापाचं निघालं."

तिची पावलं दूर गेल्यावर ओलेरावांनी हळूच चित्र खिळ्यावरून काढलं आणि मागे पाहिलं. ओल भिंतीत उतरून मधोमध फिकट फूल उमललं होतं. त्याच्या भोवती तपकिरी झालर होती. आणि एक वाट खाली जाता जाता हळूच वाकली होती.

ओलेरावांनी त्या वाटेवरून हळूच बोट फिरवलं. मग त्यांनी चित्र परत जागेवर लावलं आणि नीट सरळ केलं. डाग त्यांच्या चित्रापेक्षा चांगला होता.